खारा चारा आणि गोड्या पाण्याचा हिसाब

बकरी ईद दर वर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येते. आपल्याकडे २०२३ साली ती २९ जूनला होती, २०२४ साली १७ जूनला आणि २०२५ साली ७ जूनला. पुढे ती मे, एप्रिल, मार्च अशी मागे सरकत जाईल. ईदसाठी बोकड पोसणाऱ्याला तीन-चार महिने आधी जनावर बांधावे लागते. २०१५-१६च्या सुमारास ईद सप्टेंबरात होती, तेव्हा पोसण्याचे दिवस पावसाळ्यात पडत आणि हिरवे गवत फुकट मिळे. आता तेच दिवस पुरते कोरड्या हंगामात पडतात. ईद सरकते, ऋतू सरकत नाही. म्हणून चाऱ्याचा हिसाब नव्याने मांडावा लागतो.

ठाणे, भिवंडी, कल्याण, मुंब्रा या पट्ट्यात आपले अनेक बांधव दहा-वीस जनावरांचा हा जोडधंदा करतात. फेब्रुवारीनंतर माळ सुकतात, बाजारातली हिरवी पेंढी महाग होते. अशा वेळी हिरवे काही उरते तर ते खाडीकाठी. कोलशेत हे ठाण्याच्या उत्तरेचे गाव उल्हास नदीच्या खाडीवर आहे. समोरच्या काठाला भिवंडी तालुका. या दोन्ही काठांना, खाजणात आणि बांधांवर, भर मे महिन्यातही मांसल पानांची झुडपे हिरवी दिसतात. ती शेळ्या-मेंढ्यांना घालावी काय, असा प्रश्न आम्हाला अनेकदा विचारला जातो.

उत्तर थोडक्यात असे : घालावी, पण थोडी घालावी. आणि हा चारा फुकट आहे असे कधीही समजू नये. खाऱ्या चाऱ्याची किंमत गोड्या पाण्यात मोजावी लागते. ही किंमत आम्ही एकदा चुकवली नाही आणि मोठा तोटा सोसला. तो तजुर्बा इतरांच्या कामी यावा म्हणून आज हा विषय घेतला आहे.

मीठ पचवणारी झाडे

बहुतेक पिके खाऱ्या जमिनीत मरतात, कारण जमिनीतले मीठ मुळांना पाणी घेऊ देत नाही. काही रानवनस्पतींना मात्र अल्लाहने वेगळी रचना दिली आहे. त्या खाऱ्या पाण्यातूनच जगतात. आपल्या खाडीकाठी अशा वनस्पती पुष्कळ आहेत.

पहिली तिवर. ही खारफुटी सर्वांच्या ओळखीची आहे. कोकणात तिचा पाला गुरांना घालण्याची रीत जुनी होती. दुसरी मोरस. बारीक, मांसल पानांचे हे बुटके झुडूप जुने झाले की तांबूस दिसते. पान चावले तर खारट लागते. काही घरांत त्याची भाजी करतात आणि त्या भाजीत वेगळे मीठ घालत नाहीत. तिसरी समुद्री घोळ, जमिनीवर पसरणारी, जाड पानांची आणि गुलाबी फुलांची. चौथे खाऱ्या जमिनीवर रांगणारे टोकदार गवत. आणि पाचवे पीलूचे झाड.

पीलू म्हणजे आपल्या मिसवाकचे झाड, अरबीत अराक. खाऱ्या जमिनीवर ते मजेत वाढते आणि ठाण्याच्या खाडीकाठीही आढळते. त्याचा पाला उंट आणि शेळ्या आवडीने खातात. सहीह बुखारीत ह. जाबिर (रजि.) यांची एक रिवायत आहे. मर्रुज्जहरान येथे सहाबा अराकची फळे वेचत होते. तेव्हा काळी झालेली फळे निवडा, ती अधिक चांगली असतात, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी त्यांना सांगितले. आपण शेळ्या चारल्या आहेत काय, असे सहाबांनी विचारले. त्यावर प्रत्येक पैगंबराने त्या चारल्या आहेत, असा आशय त्यांनी सांगितला. कोणते फळ चांगले हे कळण्यासाठी झाडाजवळ राहिलेला राखणदार असावा लागतो, एवढा बोध आम्ही या धंद्यासाठी त्यातून घेतो. चारा ओळखणे हे राखणदाराचे पहिले शिक्षण आहे.

मीठ पानाच्या आत की पानावर?

खारट झाडे मिठाशी दोन प्रकारे वागतात. हा फरक समजला की निम्मे काम झाले.

तिवर आणि खारे गवत नको असलेले मीठ पानावाटे बाहेर टाकतात. उन्हात तिवराचे पान नीट पाहिले तर त्यावर मिठाचे कण चमकताना दिसतात. हे मीठ पाण्याने धुतले जाते, पावसानेही जाते. त्यामुळे खारे गवत धुऊन घातले तर त्याचा खारटपणा पुष्कळ कमी होतो.

मोरस आणि समुद्री घोळ मीठ बाहेर टाकत नाहीत. त्या ते पानाच्या आत, पाण्यात मिसळून साठवतात. म्हणूनच त्यांची पाने फुगीर असतात. ही पाने कितीही धुतली तरी आतले मीठ जात नाही. सुकवली तर पाणी उडते आणि मीठ तेवढेच राहते. सुकवलेला मोरस वजनाला हलका वाटतो, म्हणून हात सैल सुटतो आणि जनावराच्या पोटात दुप्पट-चौपट मीठ जाते. ही चूक सर्रास होते.

अशा मांसल पानांच्या सुक्या वजनात चौथा ते तिसरा हिस्सा राख, म्हणजे मुख्यत्वे क्षार असतात. प्रथिने बऱ्यापैकी असतात. पण अंगाला लागणारी ताकद, जी मक्यातून किंवा कोंड्यातून मिळते, ती कमी असते. शिवाय त्यांत ऑक्झलेट नावाचा पदार्थ असतो. तो शरीरातल्या कॅल्शियमला धरून ठेवतो. जनावराच्या पोटातले जंतू ऑक्झलेट हळूहळू पचवायला शिकतात, पण त्यासाठी दोन आठवडे द्यावे लागतात. एकदम भरपूर घातले तर जनावर आजारी पडते.

दुनियेचा तजुर्बा

खारा चारा ही काही नवी गोष्ट नाही. कच्छच्या किनाऱ्यावर खाराई जातीचे उंट आहेत. ते खाडीत पोहत बेटांवर जातात आणि तिवर खातात. फकिरानी जत हे मुस्लिम पशुपालक आणि रबारी हे त्यांना सांभाळतात. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने २०१५ साली या उंटाला स्वतंत्र जात म्हणून मान्यता दिली. या राखणदारांची एक रीत ध्यानात ठेवण्यासारखी आहे. पावसाळ्यात बेटांवर गोडे पाणी साचलेले असते, तेव्हा उंट तेथेच राहतात. इतर दिवसांत त्यांना गोडे पाणी पाजण्यासाठी किनाऱ्यावर आणावे लागते. उंटासारख्या जनावराची ही गोष्ट, मग शेळीचे काय?

ऑस्ट्रेलियात सॉल्टबुश नावाचे खारट झुडूप मेंढ्यांसाठी शेतात लावतात. तेथील सरकारी संशोधन संस्थेने रानातून अनेक वाण गोळा केले, ते मेंढ्यांपुढे ठेवले आणि मेंढ्यांनी पसंत केलेल्यांतून पुढचा वाण निवडला. त्याला ‘अनामेका’ असे नाव दिले. या झुडपावर वाढलेल्या मेंढीच्या मांसात ई जीवनसत्त्व जास्त आढळले आणि ते मांस जास्त वेळ लाल राहते असेही दिसले. पण तेथेही नुसत्या सॉल्टबुशवर मेंढीचे वजन घटते, म्हणून सोबत धान्य, कडबा किंवा गवत द्यावेच लागते. आणि सॉल्टबुश खाणारी मेंढी नेहमीच्या दुप्पट-तिप्पट पाणी पिते. दिवसाला दहा लिटरपर्यंत पाणी प्यालेल्या मेंढ्यांची नोंद आहे.

मुस्लिम देशांतही या कामाला महत्त्व दिले गेले. १९९९ साली दुबईत खाऱ्या जमिनीच्या शेतीसाठी आंतरराष्ट्रीय केंद्र सुरू झाले. त्याच्या उभारणीत इस्लामी विकास बँकेचा मोठा हात होता. कराची विद्यापीठातील प्रा. अजमल खान व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००९ साली एका वाळवंटी गवताचा अभ्यास प्रसिद्ध केला. ते गवत खाऱ्या पाण्यावर वाढवून वासरांना मक्याच्या हिरव्या चाऱ्याऐवजी दिले, तर त्यांची वाढ मक्यावरच्या वासरांइतकीच झाली. मात्र तो वाण निवडताना पानात मीठ कमी साठवणारे गवत निवडले होते, हे विसरू नये.

सगळीकडचा निष्कर्ष एकच. खारा चारा जोड म्हणून चालतो, मुख्य खाद्य म्हणून चालत नाही. आणि गोड्या पाण्याशिवाय तर मुळीच चालत नाही.

आमचा तोटा

आमचा मूळ धंदा कपड्याचा. २०२३ साली आम्ही शिर्कतीत बारा खस्सी बोकड घेतले. भांडवल आमचे, मेहनत एका बुजुर्ग राखणदाराची, नफा अर्धा-अर्धा. त्यांना आम्ही चाचा म्हणतो. कोलशेतच्या बाजूला भाड्याने एक शेड मिळाली. शेडमागे विहीर होती, म्हणून जागा पसंत पडली.

बोकड सरासरी १८ किलोचे होते. एकेक ६,८०० रुपयांना पडला, एकूण ८१,६०० रुपये. चार महिन्यांत प्रत्येकी २७ किलोपर्यंत न्यायचे ठरले. हिरव्या चाऱ्याचा खर्च वाचावा म्हणून चाचांनी जवळच्या एका मालकीच्या खाजणातून, मालकाला विचारून, मोरस आणायला सुरुवात केली. फेब्रुवारी-मार्चमध्ये सर्व ठीक चालले. बोकड आवडीने खात. आम्ही खूश झालो आणि मोरस वाढवायला सांगितले.

एप्रिलमध्ये बोकड पातळ हगू लागले, खाद्य टाकू लागले. चाचा म्हणाले, “सेठ, पाणी बदलून बघू या. नळाचे पाणी आणायला एक पोरगा लावला तर बरे.” पोरगा दिवसाला ५० रुपये मागत होता. विहीर असताना पाण्याला पैसे कशाला, असे म्हणून आम्ही ते टाळले. खाडीकाठच्या विहिरीचे पाणी उन्हाळ्यात खाली जाते आणि मग त्यात खारे पाणी शिरते, ही गोष्ट त्या भागातले लहान मूलही सांगेल. आम्ही ते पाणी एकदाही चाखून पाहिले नाही. मे महिन्यात एका जाणकार शेजाऱ्याने चूळ भरून पाहिली आणि थुंकून टाकली. पाणी पुरते मचूळ झाले होते. म्हणजे खारट चाऱ्यावर आम्ही खारट पाणी पाजत होतो.

त्याच संध्याकाळी घाईने गोडे पाणी आणले आणि बादल्या भरून पुढे ठेवल्या. बोकड तुटून पडले. पोट भरून प्याले. रात्री त्यांतले तीन गोल फिरू लागले, भिंतीला डोके टेकू लागले, पाय झाडू लागले. पहाटेपर्यंत तिन्ही गेले.

पशुवैद्यक डॉक्टरांनी सकाळी जे समजावले ते प्रत्येकाने लक्षात ठेवावे. अंगात मीठ फार साचले की मेंदूतही साचते. अशा वेळी एकदम पोटभर गोडे पाणी मिळाले तर ते पाणी मेंदूत ओढले जाते, मेंदू सुजतो आणि जनावर दगावते. अशा जनावराला पाणी द्यायचेच, पण थोडे थोडे. वीस किलोच्या बोकडाला अर्ध्या ते एक तासाने साधारण शंभर मिलिलिटर, आणि तोवर डॉक्टरांना बोलवायचे. आम्ही आधी कंजुषीने आजार आणला आणि मग दया करताना जीव घेतला. दोन्हींच्या मुळाशी बेखबरी होती.

आता हिसाब पाहा. पोऱ्याला साठ दिवस लावले असते तर खर्च ३,००० रुपये. प्रत्यक्षात तीन बोकड मेले. उरलेले नऊ ईदपर्यंत सरासरी २४ किलोवरच थांबले. आम्हाला भाव मिळाला जिवंत वजनाचा किलोला ४५० रुपये, म्हणजे नऊ बोकडांचे ९७,२०० रुपये. बाराही नीट वाढले असते तर २७ किलोप्रमाणे १,४५,८०० रुपये आले असते. फरक ४८,६०० रुपयांचा. तीन हजार वाचवायला गेलो आणि साडेअठ्ठेचाळीस हजार घालवले.

खरेदी ८१,६०० आणि खाद्य-पेंढ्याला सुमारे १३,००० रुपये जाऊन जे उरले ते डॉक्टर आणि औषधात संपले. चाचांच्या चार महिन्यांच्या मेहनतीचे काहीच हाती आले नाही. त्यांच्या वाट्याला चोवीस हजारांच्या आसपास आले असते.

किती द्यावे, कसे द्यावे

२०२४ साली आम्ही सहाच बोकड घेतले आणि डॉक्टरांना विचारून नियम बांधून घेतले. सहाही नीट वाढले. ते नियम असे :

१. वीस किलोच्या बोकडाला दिवसाला सुमारे ७०० ग्रॅम सुके खाद्य लागते. त्यात खाऱ्या चाऱ्याचा हिस्सा सुक्या वजनाने सहाव्या भागापेक्षा जास्त नसावा. ताज्या मोरसाचे वजन धरले तर हे साधारण ७५० ग्रॅम होते, कारण त्यात बहुतेक पाणीच असते. एवढ्यातूनही सुमारे ३० ग्रॅम मीठ पोटात जाते. शेळीची रोजची गरज याहून कितीतरी कमी असते.

२. बाकीचे खाद्य असे बसते : भाताचा पेंढा किंवा कडबा कुट्टी पाव किलोच्या आत, झाडपाला सहाशे ग्रॅम आणि कोंडा, चुनी, मका भरडा मिळून दोनशे ग्रॅम. झाडपाल्यात सुबाभूळ, बोर, फणस यांपैकी जो मिळेल तो चालतो. भरडा कमी करून मोरस वाढवू नये, वजन मोरसाने वाढत नाही.

३. सुरुवात एका मुठीने करावी. दोन आठवड्यांत हळूहळू पूर्ण माप गाठावे. मध्ये चार दिवस खंड पडला तर पुन्हा मुठीपासून सुरू करावे.

४. उपाशी पोटी खारा चारा घालू नये. आधी पेंढा, मग मोरस.

५. खारा चारा चालू असताना मिठाची वीट टांगू नये आणि खुराकात मीठ घालू नये. खनिज मिश्रण द्यायचे तर मीठ नसलेले निवडावे.

६. पाणी दिवसभर पुढे असावे, दोन वेळा दाखवून नेऊ नये. एका बोकडामागे दिवसाला सहा लिटर धरून ठेवावेत, उन्हाळ्यात त्याहून जास्त. आणि पाणी रोज आपण स्वतः चाखावे. जे पाणी आपल्या तोंडाला खारट लागते ते या जनावरांना देऊ नये.

७. लहान करडे आणि गाभण शेळ्यांना शेवटच्या महिन्यांत हा चारा देऊ नये. हाडांसाठी आणि दुधासाठी त्यांना कॅल्शियमची जास्त गरज असते आणि ऑक्झलेट नेमके तेच अडवते.

८. पातळ हगवण दिसली तर पहिले काम मोरस बंद करणे, दुसरे काम पाणी चाखणे.

मेंढी शेळीपेक्षा मीठ थोडे अधिक सोसते, पण पावसाळी कोकणात मेंढीचे खूर आणि फुप्फुसे सोसत नाहीत. देशावरचे धनगर पाऊस संपल्यावर मेंढरे घेऊन घाट उतरतात आणि पावसाआधी परततात, ते उगाच नाही. आपल्या भागात हा धंदा मुख्यतः शेळीचाच राहील.

कोठून आणावे, कोठून आणू नये

प्रथम कायदा. तिवर आणि इतर खारफुटीला हात लावू नये. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली संपूर्ण राज्यात खारफुटी तोडण्यास मनाई केली आणि २०१८च्या निकालात ते संरक्षण पक्के केले. खारफुटीभोवती पन्नास मीटरचा पट्टाही राखीव धरला आहे. राज्याचा स्वतंत्र कांदळवन कक्ष २०१२पासून काम करतो. वनखात्याच्या ताब्यातल्या खारफुटीत जनावरे चारणेही टाळावे. पूर्वी आजोबा तिवर आणत होते हे उत्तर आता चालणार नाही. आणि ते योग्यही आहे. हीच झाडे भरतीचा जोर अडवतात, यांच्याच मुळांत मासळीची पिल्ले वाढतात. आपल्या चार बोकडांसाठी कोळी बांधवांची रोजी कापणे हलाल कमाईत बसत नाही.

दुसरे, विष. खाडीकाठी गेवा नावाचे झाड असते, त्याला काही ठिकाणी हुरा म्हणतात. त्याच्या पांढऱ्या चिकाने डोळे जातात. पाला गोळा करणाऱ्या नव्या माणसाला हे झाड आधी दाखवून द्यावे.

तिसरे, गटार. उल्हास नदीत आणि खाडीत शहरांचे व कारखान्यांचे सांडपाणी वर्षानुवर्षे आले आहे. समुद्री घोळसारख्या वनस्पती मिठाबरोबर जड धातूही शोषून घेतात. याच गुणामुळे ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात आणि पुणे विद्यापीठात तिचा अभ्यास झाला आहे. जमीन साफ करण्यासाठी हा गुण फार चांगला, पण चाऱ्यासाठी तोच धोका. नाल्याच्या तोंडाजवळची, कचऱ्याच्या भरावावरची किंवा कारखान्याच्या भिंतीलगतची वनस्पती कितीही हिरवीगार दिसली तरी आणू नये. ते मांस शेवटी आपल्याच आणि गरिबांच्या ताटात जाते.

मग आणावे कोठून? बांधाच्या आतल्या मालकीच्या खाजणातून, मालकाच्या परवानगीने, जेथे सांडपाणी येत नाही तेथून. सर्वांत उत्तम म्हणजे स्वतः लावणे. भिवंडी, पनवेल, पेणकडे ज्यांची भातखाचरे खारी होऊन पडीक राहिली आहेत, त्यांनी एका कोपऱ्यात समुद्री घोळीचे तुकडे लावून पाहावेत. कांडी मातीत खोचली की मुळे धरते. खाऱ्या जमिनीबाबत सल्ला हवा असेल तर दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाचे खारभूमी संशोधन केंद्र पनवेलला आहे. खाऱ्या जमिनीसाठी भाताच्या पनवेल जाती तेथेच निघाल्या. त्या भाताचा पेंढा आणि बांधावरचा खारा चारा अशी जोडी चांगली जमते.

वजनाच्या काट्यावर

आता व्यापाराची एक नाजूक गोष्ट. खारट खाल्लेले जनावर भरपूर पाणी पिते आणि पाण्याला वजन असते. विक्रीच्या आदल्या रात्री बोकडाला मीठ चारून, सकाळी पोटभर पाणी पाजून काट्यावर उभा करणारे लोक बाजारात आहेत. अशाने एक-दोन किलो सहज वाढतात. ४५०च्या भावाने ग्राहक तितके रुपये पाण्याचे देतो.

आमच्या कापडाच्या धंद्यातही हा प्रकार जुना आहे. सूत वजनावर विकले जाते, म्हणून गाठींना ओल देणारे असतात. कापडाला गरजेपेक्षा जास्त खळ चढवून ते जाड भासवणारेही असतात. पहिल्या धुण्यात खळ जाते आणि दुकानदाराची अब्रूही जाते. मदीनेच्या बाजारात प्रेषित मुहम्मद (स.) यांनी धान्याच्या एका ढिगात हात घातला, तेव्हा आत ओल लागली. भिजलेला माल वरच का ठेवला नाही, असे त्यांनी विक्रेत्याला विचारले आणि फसवणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावले. तो ढीग धान्याचा होता, आपला बोकडाचा आहे. ओल तीच आहे.

खारा चारा देणाऱ्याकडून हे पाप न ठरवताही घडू शकते. म्हणून आमचा रिवाज असा : विक्रीच्या दोन दिवस आधी मोरस बंद. वजन सकाळी, पाणी दाखवण्यापूर्वी. खरेदीचे वजनही त्याच वेळी, त्याच रीतीने. ग्राहकाला सांगायचे की या जनावराला खारा चाराही घातला आहे, घरी नेल्यावर गोडे पाणी सतत पुढे ठेवा. खरेदी करणाऱ्यांनीही पोट ताठ फुगलेले जनावर लगेच तोलू नये, काही तास थांबावे. कुर्बानीचे जनावर ऐबापासून मुक्त असावे यावर आपण काटेकोर असतो, मग व्यवहारही ऐबापासून मुक्त असावा.

तोटा कोणाचा?

त्या वर्षी हिसाबाला बसलो तेव्हा चाचा म्हणाले, “सेठ, माझ्या हातून गेले. मोरस मीच आणत होतो. पुढच्या साली माझ्या वाट्यातून कापून घ्या.” आम्ही कापले नाही. मुदारबतचा नियम साफ आहे. नफा ठरलेल्या वाट्याने वाटायचा. तोटा झाला तर पैसा भांडवलवाल्याचा जातो आणि मेहनत करणाऱ्याची मेहनत जाते. त्याने निष्काळजीपणा केला असेल तरच त्याच्याकडून भरपाई मागता येते. येथे निष्काळजीपणा कोणाचा होता? पाणी बदला असे सांगणारे चाचा होते, पन्नास रुपये वाचवणारे आम्ही होतो. म्हणून तोटा आम्ही सोसला आणि त्यांच्या चार महिन्यांचा काही मोबदला आमच्या खिशातून दिला. तो पुरेसा होता असा आमचा दावा नाही.

वाट्याने जनावरे देणाऱ्या बांधवांना आमची विनंती आहे. करार लिहून ठेवा. त्यात चारा कोणी आणायचा, पाण्याचा खर्च कोणी द्यायचा आणि जनावर मेले तर काय करायचे, ही तीन कलमे जरूर घाला. आणि राखणदार काही सांगत असेल तर त्याचे ऐका. रात्रंदिवस तोच जनावराजवळ असतो. जनावर आपली तहान तोंडाने सांगू शकत नाही. ते आपल्या हातात अमानत आहे आणि त्याच्या तहानेचा हिसाबही आपल्याला एक दिवस द्यायचा आहे.

खाडीकाठी हिरवे पुष्कळ आहे. त्यातले थोडे, स्वच्छ जागेचे, परवानगीने आणलेले, गोड्या पाण्याच्या सोबतीने घातले तर कोरड्या हंगामात चाऱ्याचा खर्च नक्की हलका होतो. अल्लाह आपणा सर्वांच्या हलाल रोजीत बरकत देवो. आमीन.